डब्ल्यूची गोष्ट: कुर्द, त्यांची नावं आणि शंभर वर्षं

पाटावरवंटा

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर भाजीचं दुकान आहे. कोलोनमध्ये येऊन सहा वर्षं झाली, मेथी-कोथिंबीर-कोवळी भेंडी तिथूनच येते. घरात आम्ही त्या दुकानदाराला 'तुर्की काका' म्हणायचो. गेल्या मार्चमध्ये दुकानाच्या दारावर लाल-हिरव्या-पिवळ्या पताका दिसल्या. विचारलं तर म्हणाले, आज नवं वर्ष. मी म्हटलं, हो हो, नवरोज, आमच्या मुंबईत पारशी लोक करतात. एवढ्यावर स्वारी खूश झाली. मग मी उत्साहाच्या भरात "तुर्कस्तानातही करतात का?" असं विचारलं आणि चेहरा बदलला. "मी तुर्क नाही. कुर्द."

त्यांनी कागदाची पिशवी पुढे ओढली आणि पेनने आपलं नाव लिहिलं, सुरुवात डब्ल्यूने. त्याखाली पासपोर्टवरचं नाव लिहिलं. तेच नाव, फक्त डब्ल्यूच्या जागी व्ही. म्हणजे घरात 'व', कागदावर 'व्ह'. पहिलं अक्षर पेनने दोनदा गिरवून म्हणाले, "हे आमच्याकडे गुन्हा होतं."

त्यांच्या नावाचा अर्थ सांगते: मायदेश. कुर्दी 'वेलात' हा शब्द मूळ अरबी 'विलायत'वरून आलाय. म्हणजे आपली विलायत! आपल्याकडे विलायत म्हणजे साहेबाचा देश, परमुलूख. आणि याच्याकडे तोच शब्द म्हणजे आपली माती.

त्या पिशवीनंतर दोन-तीन महिने मिळेल ते वाचत सुटले. थोडक्यात मांडते, जाणकारांनी भर घालावी.

कुर्दांची लोकसंख्या साधारण तीन ते चार कोटी. झाग्रोस आणि टॉरसच्या डोंगररांगांत पिढ्यानपिढ्या राहणारे. भाषा इराणी कुळातली, अरबी किंवा तुर्कीच्या घरातली नाही. धर्माने बहुतेक सुन्नी, पण शिया, अलेवी, यझिदीही आहेत. मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत वाटलेला. पहिल्या महायुद्धानंतर १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांना स्वायत्तता आणि पुढेमागे स्वतंत्र देश मिळण्याची तरतूद होती. मुस्तफा केमालने तो तह धुडकावला, लढाई जिंकली आणि २४ जुलै १९२३ ला लोझानमध्ये नवा तह झाला. त्यात कुर्द हा शब्दच नाही.

पण मला तहांपेक्षा ते अक्षर जास्त छळतं. १९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली. नव्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू, एक्स नव्हते, कारण तुर्कीला त्यांची गरज नव्हती. कुर्दीला आहे. त्यामुळे त्या अक्षरांची नावं नोंदवायला नकार मिळायचा. सणाच्या पत्रिकेवर 'नेवरोझ' डब्ल्यूने छापलं म्हणून खटले झाले. आणि त्याच देशात 'शो टीव्ही' नावाचं चॅनेल बिनदिक्कत चालू होतं, इंग्रजी डब्ल्यूसकट! म्हणजे अक्षराला हरकत नव्हती. ते कोण लिहितंय याला होती.

ठाणेकर_निवांत

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: आपल्या गावांच्या नावात 'खुर्द' असतं (वडगाव खुर्द, वडगाव बुद्रुक), त्याचा या कुर्दांशी काही संबंध? हसू नका.

मोडीवाचक

हसलो नाही (थोडं हसलो). संबंध नाही. आपलं खुर्द म्हणजे फारसी 'खुर्द', लहान. बुद्रुक म्हणजे 'बुजुर्ग', थोरलं.

सलाहुद्दीन अय्युबी, जेरुसलेम घेणारा, हा कुर्द घराण्यातला, जन्म तिक्रितचा. सद्दामही तिक्रितजवळचाच. तो स्वतःला सलाहुद्दीनचा वारसदार म्हणवून घ्यायचा आणि सलाहुद्दीनच्याच लोकांवर विषारी वायू सोडायचा.

बोलभांड

लेख चांगला, पण एकतर्फी. पीकेके या कुर्द बंडखोर संघटनेचं नाव एकदाही नाही? १९७८ मध्ये स्थापना, १९८४ पासून सशस्त्र लढा, एकूण बळी ४० हजारांच्या घरात. यात तुर्की सैनिक आहेत तसे खेड्यांतले शाळामास्तरही आहेत, आणि सरकारकडून बंदूक घेतली म्हणून मारलेले कुर्द गावराखे व त्यांची बायकापोरंही. अमेरिका आणि युरोपीय संघ दोघांनीही त्यांना दहशतवादी यादीत टाकलंय. आणखी मागे जायचं तर १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांची कत्तल झाली तेव्हा अनेक कुर्द टोळ्या मारणाऱ्यांच्या बाजूने होत्या. ज्यांच्यावर अन्याय झाला ते सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असं नाही. भाजीवाल्याचं सगळं खरं मानायची घाई नको.

पाटावरवंटा

बोलभांड, पीकेकेबद्दल लिहायला हवं होतं, मान्य. आर्मेनियन कत्तलीबद्दलही बरोबर आहे. तुर्कस्तानातल्या काही कुर्द नेत्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आहे, जी खुद्द तुर्की सरकारने अजून मागितलेली नाही.

पण क्रम पाहा. पीकेके १९७८ ची. कुर्द बंडाचा नेता शेख सईद, त्याला दियारबाकिरमध्ये फाशी १९२५ ला. देर्सिम या कुर्द भागात १९३७-३८ ला विमानातून बॉम्ब टाकून गावंच्या गावं संपवली. २०११ मध्ये एर्दोगान यांनी स्वतः माफी मागताना मृतांचा १३,८०६ हा सरकारी कागदातला आकडा वाचून दाखवला. त्या मोहिमेत मुस्तफा केमाल अतातुर्कची मानसकन्या सबिहा ग्योकचेन वैमानिक होती आणि इस्तंबूलच्या एका विमानतळाला आज तिचंच नाव आहे. देर्सिम हे नाव तर त्याआधीच, १९३५ च्या कायद्याने पुसून 'तुंजेली' केलं होतं. आधी नाव गेलं, मग माणसं.

कोर्टाचीपायरी

पेशाने वकील आहे, म्हणून एका कायद्याचं कौतुक (!) केल्याशिवाय राहवत नाही. १९८३ चा कायदा क्रमांक २९३२. कुर्दीवर बंदी घालायची होती, पण कुर्द नावाचे लोक आहेत हेच सरकारला मान्य नव्हतं. ते अधिकृतपणे 'डोंगरी तुर्क'. मग जे नाहीतच त्यांच्या भाषेवर बंदी कशी लिहायची? तर कायद्यात लिहिलं: तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या पहिल्या राजभाषेखेरीज इतर कोणत्याही भाषेत विचार व्यक्त करणं, छापणं, प्रसारित करणं गुन्हा.

'पहिल्या' हा शब्द उगाच नाही. इराकमध्ये तेव्हा कुर्दीला अरबीच्या खालोखाल मान्यता होती. नुसतं 'राजभाषा' म्हटलं असतं तर कुर्दी त्या फटीतून सुटली असती. अख्ख्या कायद्यात कुर्द शब्द नाही आणि तरी तो फक्त कुर्दांसाठी आहे. मसुदा लिहिणाऱ्याला मी नोकरीवर ठेवला असता आणि रोज रात्री कपाट तपासलं असतं. १९९१ मध्ये रद्द झाला.

त्याच वर्षी कुर्द नेत्या लैला झाना निवडून आल्या. संसदेत तुर्कीत शपथ घेतली आणि शेवटी एक वाक्य कुर्दीत म्हणाल्या, आशय असा की ही शपथ मी तुर्क आणि कुर्द लोकांच्या बंधुभावासाठी घेते आहे. सभागृहात गदारोळ. १९९४ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. पीकेकेशी संबंधाचा आरोप होता, पण ते वाक्य कोणीच विसरलं नव्हतं. २००४ ला सुटल्या.

नंतरच्या काळात संसदेत कोणी कुर्दीत बोललं तर इतिवृत्तात 'अज्ञात भाषा' अशी नोंद व्हायची, किंवा नुसता एक्स. म्हणजे ज्या अक्षराला बंदी तेच अक्षर त्यांच्या भाषेच्या जागी छापायचे!

आज्जीचाबटवा

वकीलसाहेबांच्या प्रतिसादावरून आठवलं ते सांगते. १९८० च्या लष्करी बंडानंतर तुर्कस्तानच्या लष्करी तुरुंगांत भेटीच्या वेळी फक्त तुर्की बोलायची सक्ती होती. खेड्यातल्या आयांना तुर्की यायची नाही. एका आईला कोणीतरी एकच वाक्य शिकवून पाठवलं: मुलाचं नाव आणि "कसा आहेस?" ती जाळीपलीकडून मुलाला तेवढंच विचारत राहिली. तो बोलला की परत तेच. त्याने घरच्यांचं विचारलं तरी तेच. रडू आलं तरी तेच. प्रत्येक वेळी सूर वेगळा. मुलगा सुरावरून ओळखत गेला की आता बापाचं सांगतेय, आता म्हणतेय जेवतोस का.

मला हे वाचल्यापासून मुलाला फोनवर "कसा आहेस" विचारताना घशात अडकतं.

ठाणेकर_निवांत

आज्जी, ऑफिसात वाचत होतो. आता बाहेर चहाला आलोय.

उलटतपासणी

हेच सगळं काश्मीरमध्ये कोणी

(प्रतिसाद संपादित)

संपादक मंडळ

विषय कुर्दांचा आहे. काश्मीर, बेळगाव, तामिळ यांसाठी वेगळे धागे काढता येतात आणि ते तितक्याच लवकर वाचनमात्र करता येतात.

पोस्टमन_एर्बिल

धागा उशिरा पाहिला. मी २०१६ ते १८ एर्बिलमध्ये, म्हणजे इराकी कुर्दांच्या राजधानीत होतो, बांधकाम क्षेत्रात. इराकच्या बाजूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून जरा पसरट लिहितो.

पहिलं म्हणजे तिथे गेल्यावर 'बिचारे कुर्द' हे चित्र पुसायला लागतं. त्यांची स्वतःची संसद, पोलीस, पेशमर्गा सैन्य, मॉल, आणि रस्त्यावर आपल्याकडच्यापेक्षा मोठ्या गाड्या. सद्दामविरुद्धच्या १९९१ च्या बंडानंतर लाखो माणसं मार्च-एप्रिलच्या थंडीत डोंगरातून तुर्कस्तान-इराणच्या सीमेकडे पळाली, जगाने ती टीव्हीवर पाहिली, मग आकाशातून संरक्षण मिळालं आणि १९९२ मध्ये त्यांचं सरकार आलं. २००५ च्या राज्यघटनेत मान्यता.

आमच्या साईटवरचा मुकादम बार्झान खोऱ्यातला होता. एकदा जेवताना सहज विचारलं, घरी कोण कोण? बायकांची नावं सांगत गेला. आजी, आई, दोन आत्या, काकू. मी म्हटलं, पुरुष? तर हाताने नुसतं पुसल्यासारखं केलं. १९८३ मध्ये सद्दामच्या सैन्याने बार्झानी जमातीचे सुमारे ८ हजार पुरुष आणि मुलगे ट्रकांत घालून नेले. एकही परत आला नाही. पुढे वाळवंटात सामूहिक कबरी सापडल्या.

नंतर १९८८ मध्ये अन्फाल, सद्दामची कुर्दांना संपवायची मोहीम. फेब्रुवारी ते सप्टेंबर. कुर्द सांगतात तो आकडा १ लाख ८२ हजार, मानवी हक्क संघटनांचा अंदाज किमान ५० हजार ते १ लाख. सुलेमानियात 'अमना सुराका' म्हणजे लाल तुरुंग आहे, सद्दामच्या गुप्त पोलिसांचा. आता संग्रहालय. आत शिरलं की एक बोळ लागतो, भिंतींवर आरशाचे तुकडे आणि छतावर बारीक दिवे. तुकडे १ लाख ८२ हजार, माणसामागे एक. दिवे साडेचार हजार, उद्ध्वस्त केलेल्या गावामागे एक. प्रत्येक तुकड्यात आपलाच चेहरा, पण फुटलेला. माझ्याबरोबर एक सांगलीचा मुलगा होता, दिवसभर बडबड करणारा. बोळाच्या दुसऱ्या टोकाला येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हलाब्जालाही गेलो. १६ मार्च १९८८, सद्दामच्या सैन्याने सोडलेले मस्टर्ड आणि नर्व्ह हे विषारी वायू, सुमारे ५ हजार माणसं मेली. वाचलेले सांगतात की आधी सफरचंदासारखा गोड वास आला. आता जे कुठे फारसं सांगितलं जात नाही ते: तिथलं स्मारक २००६ मध्ये वर्षश्राद्धाच्या दिवशीच लोकांनी पेटवून दिलं. कोणी? हलाब्जाच्याच रहिवाशांनी. दरवर्षी पुढारी येतात, परदेशी पाहुण्यांना फिरवतात, मदत गोळा करतात आणि आमच्या गावात रस्ता नाही, पाणी नाही, हा राग. गोळीबारात एक पोरगा गेला.

आणि भाऊबंदकी! बार्झानींचा केडीपी आणि तालाबानींचा पीयूके या दोन कुर्द पक्षांत १९९४ पासून चार वर्षं यादवी. १९९६ मध्ये तालाबानींना इराणची मदत मिळतेय म्हणून बार्झानींनी एर्बिल परत घ्यायला कोणाला बोलावलं असेल? सद्दामच्या सैन्याला. आठ हजार बार्झानी नेणाऱ्या सद्दामला. मुकादमाला हेही विचारलं होतं. त्याने चहात साखर ढवळत ठेवली, बराच वेळ.

२५ सप्टेंबर २०१७ चं सार्वमत मी पाहिलं. स्वातंत्र्याच्या बाजूने जवळपास ९३ टक्के. रात्रभर हॉर्न, झेंडे, नाच. चौथ्या दिवशी बगदादने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. तीन आठवड्यांत, १६ ऑक्टोबरला, किर्कुक आणि त्याचं तेल हातातून गेलं. अमेरिकेने बोट हलवलं नाही. दिवाळीला घरी यायचं तिकीट काढलं होतं, ते बगदादमार्गे करावं लागलं. माझं दुःख एवढंच होतं. साईटवरच्या पोरांनी मात्र झेंडे घडी करून परत कपाटात ठेवले.

कोर्टाचीपायरी

पोस्टमन, फार जबरदस्त. एक भर: हलाब्जाच्या वायूला कच्चा माल कोणी दिला यावर एक खटला यशस्वी झाला आहे. नेदरलँड्सचा व्यापारी फ्रान्स फान आनराट. सद्दामला रसायनं विकल्याबद्दल २००५ मध्ये युद्धगुन्ह्यात साथ दिल्याचा दोषी, १५ वर्षं, अपिलात वाढून १७. आणि अन्फाल मोहिमेचा सूत्रधार 'केमिकल अली' जानेवारी २०१० मध्ये फासावर गेला.

शेंगदाणाचटणी

सीरिया राहिला की. तिथे बंदुकीआधी खानेसुमारी वापरली. ५ ऑक्टोबर १९६२, हसाका प्रांत, एका दिवसात जनगणना. १९४५ पूर्वीपासून इथे राहतो हे कागदाने सिद्ध करा, नाहीतर तुम्ही परदेशी. खेड्यातल्या शेतकऱ्याकडे कुठला कागद? सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचं नागरिकत्व संध्याकाळपर्यंत गेलं. एकाच घरात थोरला भाऊ नागरिक, धाकटा परका, असं झालं. 'अजानिब' म्हणजे परके, त्यांना लाल ओळखपत्र. आणि 'मक्तूमीन' म्हणजे ज्यांची नोंदच नाही. जमीन नावावर नाही, सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही. आणि हे वारशाने पोरांकडे. २०११ मध्ये बंड सुरू झाल्यावर तेव्हाचे अध्यक्ष असद यांनी घाईघाईने अजानिबांना नागरिकत्व देऊ केलं.

त्यानंतर कोबानी या कुर्द शहरातली लढाई, आयसिसविरुद्ध बायकांच्या तुकड्या, जगभर फोटो. सीरियातल्या त्या लढाईत कुर्द आणि त्यांच्या साथीदारांचे ११ हजारांच्या आसपास लोक मेले. २०१९ ला ट्रम्पने फोनवर बोलून सैन्य बाजूला घेतलं आणि तुर्की रणगाडे आत आले. २०१५ मध्ये किनाऱ्यावर पालथं पडलेलं लाल शर्टातलं बाळ आठवतंय? ते कोबानीच्या कुर्द कुटुंबातलं.

पंचतुंड_नव्हे

इतकं जड झालंय म्हणून जरा भाषेकडे वळते, विषय न सोडता. कुर्मांजी कुर्दीत 'तुझं नाव काय' याला म्हणतात "नावे ते चि ये?" नाव म्हणजे नाव! तू म्हणजे तू. चार म्हणजे चार. 'रोज' म्हणजे दिवस आणि सूर्यही. सीरियातल्या कुर्द भागाला 'रोजावा' म्हणतात, म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, पश्चिम. (काही शब्द आपल्याकडे फारसीतून आलेत, काही थेट जुन्या घरातले आहेत. दोन्ही एकत्र करू नयेत.)

२०२२ मध्ये इराणभर घुमलेली घोषणा "जिन, जियान, आझादी" ही मूळ कुर्दी. जिन म्हणजे स्त्री, संस्कृत 'जनी'ची बहीण. जियान म्हणजे आपलं जिणं. आझादी सांगायला नको. जिच्या मृत्यूनंतर हे पेटलं ती साक्केझची कुर्द मुलगी. जग तिला महसा अमिनी म्हणून ओळखतं. ते कागदावरचं नाव. घरात ती जिना होती.

पाटावरवंटा, तुमचा भाजीवाला एकटा नाही.

मोडीवाचक

इराणवरून आठवलं महाबाद शहर. २२ जानेवारी १९४६ ला तिथे कुर्दांचं प्रजासत्ताक जाहीर झालं, सोव्हिएत सैन्याच्या आडोशाने. सैन्य गेलं, डिसेंबरात राज्य संपलं. वर्षही भरलं नाही. राष्ट्राध्यक्ष काझी मुहम्मद यांना ३१ मार्च १९४७ ला फाशी झाली, ज्या चौकात प्रजासत्ताक जाहीर केलं त्याच चौकात. सेनापती मुस्तफा बार्झानी पायी सोव्हिएत हद्दीत गेले, अकरा वर्षांनी परतले. पोस्टमनच्या मुकादमाची जमात तीच.

आणि नवरोजबद्दल. पारशी मित्राच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट: झोहाक राजाच्या खांद्यांवर दोन साप, त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागतात. कावा नावाचा लोहार उठतो, आपला चामड्याचा एप्रन काठीला बांधून झेंडा करतो. कथेत आणखी एक तुकडा आहे. राजाचे आचारी रोज दोघांपैकी एकाला गुपचूप सोडून डोंगरात पाठवायचे, बकऱ्यामेंढ्या देऊन. तेच कुर्दांचे पूर्वज. कुर्द त्या लोहाराच्या नावाने डोंगरावर आग पेटवतात. १९९२ च्या नवरोजला तुर्कस्तानातल्या जिझ्रे आणि नुसैबिनमध्ये गोळीबारात डझनावारी माणसं गेली. तीन-चार वर्षांनी सरकारनेच जाहीर केलं की हा सण मुळात तुर्कांचा आहे, आणि मंत्रीसुद्धा आगीवरून उड्या मारायला लागले. सणाचं नाव मात्र व्हीने.

बोलभांड

मी सुरुवातीला खवचटपणे लिहिलं, ते मागे घेत नाही, पण सुरात बदल करतो. आज्जींच्या प्रतिसादानंतर दोन दिवस काही लिहिलं नाही.

ताजं म्हणजे, १९९९ पासून इमरालीच्या बेटावर कैदेत असलेल्या ओजलानने, म्हणजे पीकेकेच्या संस्थापकाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये पीकेकेला विसर्जित व्हायला सांगितलं. मे महिन्यात संघटनेने ते मान्य केलं. ११ जुलैला सुलेमानियाजवळ तीस जणांनी, त्यात बायकाही, एका मोठ्या कढईत बंदुका रचल्या आणि पेटवल्या. शरण म्हणून सैन्याच्या हातात दिल्या नाहीत, जाळल्या. आता तुर्कस्तान बदल्यात काय देतं ते बघायचं. शाळेत मातृभाषेतून शिक्षण देणार का, हा माझ्या मते खरा प्रश्न. २०१२ पासून ऐच्छिक विषय म्हणून आठवड्याला दोन तास कुर्दी आहे, तेही शिक्षक मिळाला तर.

पाटावरवंटा

सगळ्यांचे आभार. धागा दुकानात वाचून दाखवला, जमेल तसा जर्मनमध्ये. विलायतेचा किस्सा त्यांना भलताच आवडला, आता मला बघितलं की "इंग्लंड!" अशी हाक मारतात. हलाब्जाच्या स्मारकाबद्दल म्हणाले, "पेटवलं ते बरं केलं." खुर्दचं विचारायची हिंमत झाली नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. २०१३ मध्ये तुर्कस्तानने त्या तीन अक्षरांवरची बंदी उठवण्याची घोषणा केली, पण त्यांचा पासपोर्ट तसाच राहिला. आता जर्मन नागरिकत्व मिळतंय आणि नाव दुरुस्तीचा अर्ज केलाय. नव्या पासपोर्टवर डब्ल्यू येईल. त्याआधी दुकानावर नवी पाटी लावली, हिरवी, टपोऱ्या डब्ल्यूची. शनिवारी मी टोमॅटो निवडत होते तेव्हा शेजारच्या जर्मन आजी थांबल्या, चष्मा वर केला आणि मोठ्यांदा पाटी वाचली. जर्मनमध्ये डब्ल्यूचा उच्चार व्ह. त्यामुळे आजींनी अगदी बरोबर, तुर्की पासपोर्टवर होतं तसंच वाचलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोमॅटोकडे. मग दोघंही इतके हसलो की आजींनी विचारलं, माझं काही चुकलं का? त्यांनी आजींच्या पिशवीत दोन जास्तीची लिंबं टाकली.